'नॉइज' : बोट लागण्यापासून जयजयकारापर्यंत

रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात काही आठवड्यांपूर्वी सहावीतील एका मुलीने विचारलेला प्रश्न या लेखाचे निमित्त ठरला. मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते, घरी मराठी बोलते आणि बायबल दोन्ही भाषांतून चाळते. ती म्हणाली, "सर, चर्चमध्ये शिरताना तुम्ही आम्हांला रोज सांगता, नॉइज करू नका. पण माझ्या इंग्रजी बायबलमध्ये शंभराव्या स्तोत्रात देवासाठी नॉइज करा असेच लिहिले आहे. मग आम्ही नक्की काय करायचे?" वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि "पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न मनातून जाईना. शब्दकोश उघडले, बायबलची जुनी-नवी भाषांतरे समोर ठेवली आणि लक्षात आले की मुलीने अजाणता एका फार जुन्या गाठीला हात घातला होता.

आजच्या व्यवहारात 'नॉइज' या शब्दाला चांगला अर्थ जवळजवळ उरलेला नाही. 'साउंड' हा तटस्थ शब्द, 'व्हॉइस' हा सजीवाचा, 'म्युझिक' हे सुरेल; आणि या सर्वांतून टाकाऊ म्हणून जे बाजूला राहते ते नॉइज. आपल्या मराठीत अशी काटेकोर वाटणी नाही. 'आवाज' हा फारसीतून आलेला शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. गायिकेचा आवाज गोड असतो आणि वर्गात शिरलेले गुरुजी 'आवाज बंद!' असेही म्हणतात. 'गजर' वारीत हरिनामाचा असतो, तसाच पहाटे पाच वाजता घड्याळाचाही असतो. पहिला भक्तांना हवासा वाटतो, दुसरा कोणालाच नको असतो. नाद ऐकावा, पण कोणाच्या नादाला लागू नये, असेही आपण सांगतो. तेव्हा एकाच शब्दाला दोन तोंडे असणे आपल्याला नवे नाही. इंग्रजीतील या शब्दाचे दुसरे तोंड मात्र काळाच्या ओघात झाकले गेले आहे, आणि बायबलमध्ये ते अचानक समोर येते.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. नॉइज हा इंग्रजीचा मूळचा शब्द नव्हे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्यासोबत जुन्या फ्रेंच भाषेतील हजारो शब्द त्या देशात उतरले. त्यांतच हा एक होता. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता गलबला, आरडाओरडा, भांडण, आणि त्याबरोबरच गाजावाजा किंवा वार्ताही. गंमत अशी की, ज्या भाषेने हा शब्द इंग्रजीला दिला तिने स्वतः तो जवळजवळ टाकून दिला आहे. आजचा फ्रेंच माणूस आवाजाला 'ब्रुई' म्हणतो. जुना शब्द आता 'नुआझ' अशा उच्चाराने मुख्यतः एका वाक्प्रचारात तग धरून आहे, आणि त्या वाक्प्रचाराचा अर्थ आहे कुरापत काढणे. म्हणजे आवाज विरला, भांडण तेवढे उरले!

फ्रेंचच्या मागे लॅटिन. येथे विद्वानांमध्ये दोन मते होती. काहींनी हा शब्द 'नॉक्सिया' म्हणजे इजा, उपद्रव या लॅटिन शब्दापासून काढला. अर्थ चांगला जुळतो, परंतु ध्वनिबदलाचे नियम तसे जुळत नाहीत. दुसरे मत आज अधिक मान्य आहे. त्यानुसार हा शब्द लॅटिन 'नॉशिया' या शब्दापासून आला. याचा रोमन उच्चार 'नाउसेआ' असा होता. दक्षिण फ्रान्समधील जुन्या प्रोव्हान्साल भाषेत याच अर्थाचा शब्द 'नाउझा' असा सापडतो. त्यात मूळचा 'आउ' हा स्वर जसाच्या तसा टिकून आहे, आणि हा या मताला मोठा आधार आहे.

नॉशिया म्हणजे काय, हे डॉक्टरांच्या दवाखान्यात जाणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मळमळ! पण लॅटिनने तो शब्द ग्रीकमधून घेतला होता आणि ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ सर्वसाधारण मळमळ असा नसून समुद्रावरची मळमळ असा होता. आपण ज्याला 'बोट लागणे' म्हणतो, नेमके तेच. ग्रीक भाषेत जहाजाला 'नाउस' म्हणतात आणि जहाजात बसल्यावर जे होते ते 'नाउसिया'. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील आपल्या कोळी बांधवांना या शब्दाची व्युत्पत्ती समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्याच्या तोंडावर खवळलेल्या समुद्रात नवख्या माणसाला होडीत बसवले की शब्दकोशाचे काम आपोआप होते.

बोट लागण्यापासून गोंगाटापर्यंत हा शब्द कसा पोहोचला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. मळमळीवरून किळस, किळसेवरून त्रास, त्रासावरून कटकट, कटकटीवरून भांडण आणि भांडणावरून आरडाओरडा, अशी ती पायरीपायरीची उतरण आहे. 'डोके उठले', 'कान किटले' असे म्हणताना आपणही आवाजाचे वर्णन शरीराच्या त्रासानेच करतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्रीक 'नाउस', लॅटिन 'नाविस' आणि संस्कृत 'नौ' हे तिन्ही शब्द सख्खी भावंडे आहेत. आपली नाव, नौका, नाविक आणि नौदल याच घरातले. (ज्या 'नावा'ने आपल्याला हाक मारतात ते नाव मात्र वेगळ्या कुळातले. ते 'नामन्' या शब्दापासून आले.) म्हणजे इंग्रजीतील नॉइज आणि मराठीतील नौका हे शब्द दूरचे का होईना, पण नातेवाईक आहेत. याच घरातला आणखी एक शब्द आपण दर रविवारी वापरतो किंवा निदान त्यात बसतो. चर्चच्या मुख्य दारापासून वेदीपर्यंतचा, भाविकांच्या बसण्याचा जो मधला लांबट भाग असतो त्याला इंग्रजीत 'नेव्ह' म्हणतात. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्या भागाला 'नाविस' म्हणजे जहाज हेच नाव होते. पोर्तुगीज भाषेतही चर्चचा तो भाग 'नाव्ह'च होय. वसईच्या किल्ल्यातील छप्पर उडालेल्या चर्चमध्ये उभे राहून दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमधून आकाशाकडे पाहिले म्हणजे हे नाव फार समर्पक वाटते. ख्रिस्तसभा म्हणजे पेत्राची नाव, ही कल्पना तर आपल्या ओळखीची आहेच. मुलांना आपण नेव्हमध्ये नॉइज करू नका असे सांगतो तेव्हा एका जहाजाच्या दोन लेकींना आपण एकमेकींपासून दूर ठेवत असतो.

नव्या करारात जहाजासाठी अनेकदा 'प्लोइऑन' हा साधा शब्द येतो. 'नाउस' हा शब्द मात्र संपूर्ण नव्या करारात केवळ एकदाच आला आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७, वचन ४१. संत पौलाला रोमकडे घेऊन जाणारे जहाज माल्टा बेटाजवळ वाळूच्या दांड्यावर रुतते आणि लाटांच्या माऱ्याने मागून फुटू लागते, तो हा प्रसंग. त्याआधी चौदा दिवस त्या जहाजावरील लोकांनी नीट काही खाल्ले नव्हते. लूकने कारण काळजीचे सुचवले आहे. पण ज्याने वादळ पाहिले आहे त्याला दुसरे कारणही कळेल.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. मूळ इतके कडवट असताना हा शब्द स्तोत्रात कसा शिरला? याचे उत्तर असे की, इंग्रजीत आल्यावर पहिली काही शतके तो शब्द आजच्याइतका बदनाम नव्हता. तेराव्या शतकापासून वाद्याचा ध्वनी, माणसांचा कल्ला, कोणताही आवाज, अशा सर्व अर्थांनी तो वापरला जाई. शेक्सपिअरच्या काळी तर वादकांच्या ताफ्यालाच नॉइज म्हणत. त्याच्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या दुसऱ्या भागात अशाच एका ताफ्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे लग्नाला 'बँड सांगितला' असे म्हणतात, तसे त्या काळच्या लंडनमध्ये कोणी 'नॉइज सांगितला' असे म्हणाला असता तर वधूपित्याला राग आला नसता. पुढे मिल्टनने तर स्वर्गीय गायनासाठी हाच शब्द योजला. वार्ता हा जुना फ्रेंच अर्थही सोबत आला होता. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माची बातमी यहुदियाच्या डोंगराळ प्रदेशात पसरली (लूक १:६५) आणि येशू घरी आल्याचे कफर्णहूममध्ये सर्वांच्या कानी गेले (मार्क २:१), तेथे नॉइज हे क्रियापद म्हणून आले आहे. शुभवर्तमान पसरण्याच्या क्रियेलाही एके काळी हा शब्द चालत होता!

त्याच किंग जेम्स भाषांतरकारांनी शंभराव्या स्तोत्राच्या आरंभी आनंदाचे विशेषण जोडून नॉइज हा शब्द ठेवला आणि तो पुढील अनेक इंग्रजी आवृत्त्यांनी राखला. आनंद म्हणजे 'जॉय' आणि नॉइज या दोन शब्दांत एक सुंदर योगायोग लपलेला आहे. 'जॉय' हा शब्द लॅटिन 'गाउदिया' म्हणजे हर्ष या शब्दापासून जुन्या फ्रेंचमधून आला. 'गाउदिया'तील 'आउ'चा फ्रेंचमध्ये 'ऑय' झाला आणि 'नाउसेआ'तील 'आउ'चाही 'ऑय' झाला. एकाच भाषेत, एकाच ध्वनिनियमाने एका शब्दाने हर्ष आणला आणि दुसऱ्याने मळमळ, आणि शेवटी भाषांतरकारांनी दोघांना एका वचनात शेजारी बसवले.

कॅथलिक भाषांतरकार मात्र या वाटेने गेले नाहीत. फ्रान्समधील दुए येथे १६०९-१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुन्या कराराच्या इंग्रजी भाषांतरात येथे नॉइज नाही. (त्या आवृत्तीत हे स्तोत्र ९९ वे आहे, कारण लॅटिन क्रमांकात एकाचा फरक पडतो.) मराठीत आपण 'जयजयकार' वाचतो. मग मूळ हिब्रूत काय आहे? तेथे 'हारीऊ' असे आज्ञार्थी क्रियापद आहे. त्याचा अर्थ गाणे असा नाही. तो आहे मोठ्याने आरोळी ठोकणे, शिंग फुंकल्यावर उठणारा कल्लोळ करणे. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोच्या तटाभोवती सातवी फेरी झाल्यावर लोकांना जी आज्ञा मिळते, तीही याच क्रियापदाने (यहोशवा ६:१६). तेव्हा किंग जेम्सचे भाषांतरकार मूळ अर्थापासून फार दूर नव्हते. गोडवा आपण नंतर घातला, मुळात रांगडा घोष आहे.

लॅटिन भाषांतरात 'जुबिलाते' असा शब्द आहे. या शब्दाविषयी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन पंडित व्हारो याने एक मार्मिक नोंद केली आहे. मदतीसाठी हाका मारण्याला शहरी माणसांचा एक शब्द आहे आणि 'जुबिलारे' हा खेड्यातील माणसांचा शब्द आहे, असे तो म्हणतो. शेतावर, रानात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घातलेली साद म्हणजे 'जुबिलारे'. (ज्युबिली वर्षातील 'ज्युबिली' हा शब्द मुळात हिब्रू 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग यावरून आला. लॅटिनमध्ये येताना त्याच्या रूपावर या 'जुबिलारे'ची छाप पडली. २०२५ सालच्या ज्युबिलीत आपण जो शब्द वर्षभर उच्चारला, त्याच्या पोटात शिंगाचा आवाज आहे.)

हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी या स्तोत्रावर प्रवचन करताना नेमका हाच धागा उचलला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : पीक कापताना, द्राक्षे खुडताना कामकरी माणसे आनंदाने गाऊ लागतात. पुढे आनंद इतका दाटतो की शब्द पुरत नाहीत. मग ती शब्द सोडून देतात आणि नुसता सूर काढतात. तो शब्दावाचूनचा आवाज म्हणजे जुबिलातिओ. आणि ज्याचे वर्णन शब्दांत मावत नाही अशा देवासमोर याहून योग्य बोलणे कोणते? आपल्या भागात भातलावणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायकांची गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना संत ऑगस्टीन काय म्हणतात ते चटकन कळेल. ओळ संपते, शेवटचा स्वर मात्र बांधापलीकडे जातो. ग्रेगोरियन गायनातील आलेलुयाच्या शेवटच्या अक्षरावर जी लांबलचक तान असते तिला 'जुबिलुस' म्हणतात, ते याच अर्थाने.

सर्वांत विचार करायला लावणारा शब्द ग्रीक भाषांतरातील आहे. ख्रिस्तपूर्व काळात यहुदी विद्वानांनी केलेल्या आणि प्रेषितांच्या वापरात असलेल्या ग्रीक जुन्या करारात या स्तोत्राच्या आरंभी 'अलालाझो' या क्रियापदाचे रूप आहे. ग्रीक सैनिक चाल करून जाताना 'अलाला' अशी रणगर्जना करीत, त्यावरून ते बनले. आता हेच क्रियापद नव्या करारात कोठे येते पाहा. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १३, वचन १. कितीतरी लग्नांच्या मिस्सांत आपण हा अध्याय ऐकलेला आहे. प्रीती नसेल तर देवदूतांची भाषा बोलणाराही केवळ झणझणत्या झांजेसारखा, असे संत पौल तेथे सांगतात. त्या झांजेच्या झणझणण्यासाठी पौलाने वापरलेले क्रियापद म्हणजे हे 'अलालाझो'च होय. शंभराव्या स्तोत्रात जो आवाज देवाला अर्पण करायचा आहे, तोच प्रीती काढून घेतली की पोकळ पितळेचा होतो. शब्द एकच, आवाज एकच.

जुन्या करारात हा भेद वारंवार दिसतो. मोशे व यहोशवा सीनाय पर्वतावरून उतरत असताना छावणीतून मोठा आवाज येतो. यहोशवाला वाटते, लढाई पेटली आहे. मोशेचा कान अधिक तयार आहे. हा जिंकणाऱ्यांचा आवाज नव्हे, हरणाऱ्यांचाही नव्हे, हा गाण्याचा आवाज आहे, हे तो ओळखतो (निर्गम ३२:१७-१८). पण ते गाणे चालले होते सोन्याच्या वासराभोवती. हिब्रूत या सर्वांसाठी 'कोल' हा एकच शब्द आहे. वाणी, ध्वनी, गोंगाट, सारे त्यात आले. आमोस संदेष्टा तर याहून कठोर आहे. अन्याय करणाऱ्या लोकांची गीते देवाला गोंगाटासारखी नकोशी होतात, असे तो बजावतो (आमोस ५:२३), आणि किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी येथेही नॉइज हाच शब्द घातला. गायकवृंदात काही चूक नसावी, वाद्येही सुरात असावीत. त्या गोंगाटाचे कारण आमोसाला मंदिराबाहेर, बाजारात आणि न्यायाच्या वेशीत दिसले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील याईराच्या घरचा प्रसंगही येथे आठवतो (मत्तय ९:२३-२५, तसेच मार्क ५:३८-४२). मुलगी निपचित पडली आहे, दारात पावेवाले आणि गर्दी यांचा एकच आकांत चालला आहे. ती माणसे वाईट नव्हती. रीत होती, ती पाळत होती. प्रभू येशू आधी त्या सर्वांना बाहेर काढतात, मग आत जातात आणि मुलीचा हात धरतात.

ख्रिस्तसभेच्या उपासनेत गोंगाटाला अजिबात जागा नाही, असे मात्र समजू नये. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र आठवड्याच्या विधींची फेररचना केली, त्यापूर्वी त्या आठवड्यात 'तेनेब्रे' म्हणजे अंधाराची उपासना होत असे. एकेक मेणबत्ती विझवली जाई. शेवटी काळोखात भाविक पुस्तके बाकांवर आपटून आवाज करीत. त्याला लॅटिनमध्ये 'स्त्रेपितुस' म्हणत. या शब्दाचा सरळ अर्थ आहे गोंगाट. ख्रिस्ताच्या मरणाच्या वेळी झालेल्या भूकंपाची ती आठवण होती. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर घंटा मुक्या होतात आणि अनेक ठिकाणी त्यांच्या जागी लाकडी खटखटे वाजते, तेही मुद्दाम कर्कश ठेवलेले असते. दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने (परिच्छेद ३०) भाविकांच्या गीत-प्रतिसादांबरोबरच योग्य वेळी पवित्र शांतता पाळण्यास सांगितले, आणि मिस्साविधीच्या सर्वसाधारण निर्देशांत (परिच्छेद ४५) मिस्सा सुरू होण्यापूर्वीही चर्च व सॅक्रिस्टीत शांतता असणे इष्ट मानले आहे. एलिया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर वारा, भूकंप व अग्नी यांनंतर जे ऐकू आले (१ राजे १९:१२), त्यासाठी हिब्रूत तीन शब्द आहेत : कोल, दमामा, दक्का. ध्वनी, निःशब्दता, तलम. तलम निःशब्दतेचा ध्वनी! भाषांतरकार आजही या तीन शब्दांपुढे अडखळतात.

विज्ञानाने विसाव्या शतकात नॉइज या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. संदेश वाहून नेणाऱ्या लहरींत मिसळणारी नकोशी खरखर म्हणजे नॉइज, मग ती कानाला ऐकू येवो वा न येवो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला, त्यात या नॉइजला मानाचे (की अपमानाचे?) स्थान आहे. १९६४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होल्मडेल येथे आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या प्रचंड अँटेनात अशीच एक खरखर सापडली. अँटेना कोठेही वळवा, रात्र असो वा दिवस, ती कमी होईना. आत घरटे करून बसलेली कबुतरे हाकलली, त्यांची घाण साफ केली, तरी खरखर कायम. अखेर उलगडा झाला की ती विश्वाच्या प्रारंभीच्या तप्त अवस्थेतून उरलेल्या प्रारणाची होती. १९७८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या दूरदर्शन संचावर वाहिनी लागली नाही की पडद्यावर ज्या मुंग्या येत, त्यांतही या प्रारणाचा थोडासा अंश असे.

विश्वाचा असा प्रारंभ प्रथम सुचवणाऱ्यांपैकी एक होते फादर जॉर्ज लमेत्र. ते बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू आणि लुव्हेन विद्यापीठाचे प्राध्यापक. १९३१ साली त्यांनी आद्य अणूची कल्पना मांडली, तेव्हा अनेकांनी तिच्याकडे संशयाने पाहिले. फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बी.बी.सी. रेडिओवरून या विचाराला 'बिग बँग' असे नाव दिले, तेही एका आवाजाचेच! होल्मडेलच्या शोधाची वार्ता फादर लमेत्र यांना १९६६ मध्ये, आजारपणात, मृत्यूपूर्वी थोडे दिवस कळली. २० जून १९६६ रोजी ते निवर्तले.

आपल्या देशात कायद्यानेही नॉइजची दखल घेतली आहे. १९८७ च्या दुरुस्तीने हवेच्या प्रदूषणविषयक कायद्यात आवाजाला प्रदूषक मानले गेले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, तसेच रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना उघड्यावर मनाई केली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला, तो आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यातील एक पक्ष चेन्नईतील एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर (कॅथलिक नव्हे) होते आणि दुसरा पक्ष शेजारच्या वसाहतीतील रहिवासी. ध्वनिक्षेपक लावून इतरांची शांतता भंग करीत प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रार्थनामंदिराचे अपील फेटाळले. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे स्पष्ट केले.

हे निकाल वाचताना मला एक जुनी रात्र आठवते. चर्चच्या सणानिमित्त पटांगणात ऑर्केस्ट्रा ठेवला होता आणि मी व्यवस्थेत होतो. दहा वाजून गेले होते. कुंपणापलीकडील घरातील काकी फाटकापाशी आल्या. त्यांच्या यजमानांवर कर्करोगाचे उपचार चालू होते. "भाऊ, जरा आवाज कमी करता का? खिडक्या लावल्या तरी आत घुमतो. आवाजाने यांना जास्तच मळमळतं," त्या म्हणाल्या. मी त्यांना नम्रपणेच उत्तर दिले : "काकी, वर्षातून एकदाच तर सण असतो." त्या काही न बोलता परत गेल्या. कार्यक्रम पावणेबारापर्यंत चालला. त्या वेळी मला नॉशिया आणि नॉइज यांचे नाते माहीत नव्हते. काकींना ते माहीत होते. यजमान पुढच्या सणापर्यंत नव्हते. मी काकींची क्षमा मागितली ती त्यानंतर, आणि त्यांनी "तुम्ही तरी काय करणार, पोरं ऐकत नाहीत," असे म्हणून माझीच बाजू घेतली.

पुढच्या रविवारी मी मुलीला उत्तर दिले. चौदा दिवस उपाशी जहाज, यरीहोची आरोळी, झांज, कबुतरे हे सर्व मुलांना आवडले. काकींची गोष्टही सांगितली. वर्ग शांत झाला. मग तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे आधी शेजारी कोण आहे ते बघायचं." मी होय म्हणालो. येत्या सणाच्या नोव्हेनात एका दिवसाचे गायन या वर्गाकडे आहे. मुलांनी शंभरावे स्तोत्र निवडले आहे, सराव सायंकाळी पाच ते सहा चालतो, आणि कुंपणाकडील ध्वनिक्षेपकाचे तोंड आता नेव्हच्या दिशेला वळवलेले आहे.